कवडू नावाचा फॉन्ट

सौंसरच्या बसस्टँडवर उतरून कवडू पेंटरचं घर विचारलं, तर लोक आधी हसायचे. "वरते पाहा ना भाऊ," म्हणायचे. वर पाहिलं की दिसायचंच. किराणा, सलून, दवाखाना, कृषी केंद्र, संत्र्याच्या आडतीची पाटी, सगळीकडे एकच हात. वेलांटी मागच्या अक्षराच्या डोक्यावरून ऐटीत वळून खाली उतरलेली, शिरोरेघ उजवीकडे जराशी चढती, 'र'ची शेपटी लांब. खाली कोपऱ्यात बारीकशी सही, 'कवडू'. हिंदी पाहिजे तर हिंदी, मराठी पाहिजे तर मराठी, मध्य प्रदेशातल्या आपल्या या भागाला दोन्ही लागतात. हे वळण कुठं शिकलास म्हणून कोणी विचारलं, तर हा मिशीत हसायचा आणि म्हणायचा, "दुसऱ्याचं पाहून लिहिते तो पेंटर कायचा?" घमेंड होती माणसाला, खोटं कशाला बोला. पण त्याला ती शोभत होती.

मौतीचे बोर्डही तोच लिहायचा. चौकात लावायला कोणाकोणाच्या घरून पत्र्याची पाटी यायची. त्याचे त्यानं पैसे कधी घेतले नाहीत आणि त्या पाटीवर सही कधी केली नाही. आणखी एक नेम होता. पेंटरनं आपल्या घरच्या मौतीचा बोर्ड आपल्या हातानं लिहायचा नाही. लिहिला तर तो हात घरातलंच माणूस ओढून नेतो, असं त्याला त्याच्या उस्तादानं सांगितलं होतं. आता कवडूच्या घरात ना देव, ना उपास, ना अंगारा. भिंतीवर बुद्धाची तसबीर, बस्स. कोणी मांजर आडवं गेलं म्हणून थांबलं तर हा त्याची भर रस्त्यात टर उडवणार. पण ब्रशाचा हा नेम त्यानं सोडला नाही. बायको वच्छला गेली, तेव्हा पांढुर्ण्याहून मोरेश्वर पेंटर आपली रंगाची पेटी घेऊन बसनं आला आणि ओट्यावर बसून त्यानं तिचं नाव लिहिलं. कवडू आत तोंड फिरवून बसला होता. त्याची लेक अमिता तेव्हा शाळेत होती. मोरेश्वरकाकाला पाण्याचा तांब्या तिनंच नेऊन दिला होता.

मग फ्लेक्स आला आणि पेंटर लोकांचं जे व्हायचं ते झालं. त्यातही गंमत पाहा, अमिता शिकून कामाला लागली ती पांढुर्ण्याच्या प्रकाशभाऊच्या फ्लेक्सच्या दुकानातच. सकाळच्या बसनं जायचं, संध्याकाळच्या बसनं यायचं. कवडू रोज चिडवायचा, "आली का माय दुश्मनाची चाकरी करून?" चिडवायचा आणि तिच्यासाठी काढून ठेवलेला चहा पुढं करायचा. पण त्याच चहाची बशी पुढं पुढं त्याच्या हातात वाजायला लागली. आधी बशी, मग ब्रश. नागपूरच्या डॉक्टरनं कंपवात सांगितला. परतीच्या बसमध्ये कवडू खिडकीतून येणाऱ्या-जाणाऱ्या पाट्या वाचत बसला आणि अमिता त्याच्याकडे न पाहता रडत बसली.

फॉन्टचं तिच्या मनात आलं ते त्या बसमध्येच. बाबाचा हात जाणार, तो काही थांबवता येत नाही, पण अक्षर तरी आपण जाऊ द्यायचं नाही. सकाळी त्याचा हात थोडा शांत असे. उठल्या उठल्या ती त्याला ओट्यावर बसवायची, पुढ्यात कोरे कागद आणि चपट्या टोकाचा ब्रश.

"कायले पाह्यजे तुले माहे अक्षरं?"

"कॉम्प्युटरात टाकते, बाबा. मंग टाइप केलं का तुमच्या वळणाचंच येते."

"मंग मी मेल्यावर कॉम्प्युटर बसन का पाट्या लिहित?"

"तुमी आत्ताच काई मरून नाई राह्यले. लिहा गुपचूप."

लिहायचा, पण कुरकुर केवढी! "असा सुटा 'क' कोनी लिहिते का? पुढं कोनतं अक्षर येते थे तर सांग. दुकान कायचं हाये?" सुटं अक्षर त्याच्या हातातून निघेचना. शेवटी अमिता खोटी दुकानं रचायला लागली. ज्ञ पाहिजे तर ज्ञानदीप ट्यूशन, ठ पाहिजे तर ठाकरे हार्डवेअर. दुकान सांगितलं की त्याचा हात पळे. अमिताचा धाकटा भाऊ गौतम बोरगावच्या कंपनीत होता. तो नाइट ड्यूटीवरून यायचा आणि दारातून ओरडायचा, "बाबा, गौतम अँड सन्स बी लिहून ठेवा, लगन झालं का लागन!" कवडू ब्रश उगारायचा, हे पोट्टं आत पळायचं. त्या हिवाळ्यात घरात जेवढं हसणं झालं तेवढं आई गेल्यापासून झालं नव्हतं, हे अमिताला पक्कं आठवत होतं.

अक्षरं स्कॅन झाली, कडा घासून साफ झाल्या, जोडाक्षरं बसली, वेलांट्या जागेवर आल्या. रात्रंदिवस खपली बिचारी. फॉन्टचं नाव ठेवलं 'कवडू'. पहिला कागद छापून तिनं बापाच्या हातात दिला, त्याच्यावर फक्त 'सौंसर' लिहिलेलं. त्यानं चष्मा वर केला, कागद नाकाशी नेला, लांब धरला. "हे तं माह्यंच हाये," म्हणाला आणि कागद घडी करून सदऱ्याच्या खिशात टाकला.

प्रकाशभाऊला तर तो फॉन्ट इतका आवडला की विचारू नका. कोणत्याही कामाला तोच. लग्नपत्रिका, ढाब्याचं मेनूकार्ड, कोण्या पुढारी भाऊच्या वाढदिवसाचा बॅनर, जयंतीची कमान. "एकदम हातचं वाटते," गिऱ्हाईक म्हणे. त्यातच पांढुर्णा जिल्हा झाला. पाट्यांवरचं 'जिल्हा छिंदवाडा' जाऊन 'जिल्हा पांढुर्णा' यायला लागलं आणि अर्ध्या मुलखाच्या पाट्या नव्यानं छापायला निघाल्या. या दुकानातून त्या दुकानात, पेनड्राइव्हवरून पेनड्राइव्हवर, कवडू फॉन्ट सौंसरला आला, बोरगावला गेला, पार नागपूर रोडच्या टपऱ्यांवर जाऊन बसला. कोणी विचारलं नाही, कोणाला सांगितलं नाही. अमिताला राग यायला पाहिजे होता, पण आला नाही. बसच्या खिडकीतून बापाचं अक्षर दिसे आणि तिची छाती भरून येई.

तोवर कवडूचं दुसरंच सुरू झालं होतं. जेवला की नाही ते भुलायचा, अंघोळ करून पुन्हा टॉवेल मागायचा. दिवसा त्याच्यापाशी राहायला त्याची बहीण शकुंतला आली, पोरांची आत्या. एका संध्याकाळी अमिता कामावरून आली तर हा ओट्यावर खुशीत.

"आज मेडिकलवाल्याचा बोर्ड पाह्यला, अमू. रंग का मस्त बसला!"

मेडिकलचा बोर्ड फ्लेक्स होता. कवडूनं ब्रश हातात धरल्याला वर्ष उलटून गेलं होतं. अमिता चप्पल काढता काढता तशीच थांबली.

"म्याच लिहिला ना तो?" त्यानं विचारलं. आवाजात जराशी भीती होती.

"मंग कोन लिहीन?" अमिता म्हणाली. "तुमीच लिहिला, बाबा."

झालं, तेव्हापासून त्याचा नेमच झाला. आत्याला घेऊन रोज चौकापर्यंत जायचं आणि आपल्या पाट्या पाहायच्या. रविवारी गौतम त्याला मोटारसायकलवर मागं बसवायचा आणि बोरगावपर्यंत फिरवून आणायचा. दुकानदारही भले लोक. "वा पेंटर, काय हात हाये तुमचा," म्हणायचे, सलूनवाला तर चहा पाजायचा. एकच खुपायचं कवडूला. "सही राह्यली वाटते माही," म्हणायचा. ते ऐकून अमितानं दुकानातल्या सगळ्या तयार डिझाइनच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात 'कवडू' टाकून दिलं. पुढच्या पाट्यांवर सही दिसायला लागली आणि म्हातारा पोटभर जेवायला लागला. एवढ्याशा खोट्यानं बाप सुखी राहत असेल तर आपण हरिश्चंद्र कशाला व्हायचं, असं तिला वाटलं. कोणालाही वाटलं असतं.

आणि मग गौतम गेला. सकाळच्या उजेडात, ड्यूटीवरून घरी येताना, बोरगावच्या वळणावर ट्रकनं उडवला. घरी आणला तो पांढऱ्या कापडातच. कवडूनं त्याला माती दिली, लोकांनी धरून घरी आणलं, रात्रभर तो भिंतीला डोकं टेकून बसला. आणि काही दिवसांनी उठून म्हणाला, "गौतम नाई आला का अजून? चहा गरम करून ठेव."

आत्यानं सांगितलं. तो ऐकून असा कोसळला, जसं पहिल्यांदाच ऐकलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पुन्हा सांगितलं, पुन्हा कोसळला, जमिनीवर हात आपटून आपटून रडला. बापाला असं रोज रोज मारायचं? अमिताच्यानं ते पाहवेना. तिनं आत्याला बाजूला घेतलं आणि दोघींचं ठरलं. त्यानंतर कवडूनं विचारलं की त्या सांगायच्या, "ड्यूटीवर हाये." तो मान डोलवायचा, "कंपनीवाले लय राबवून राह्यले पोराले," म्हणायचा आणि आपल्या पाट्या पाहायला जायचा. घरातला गौतमचा फोटोसुद्धा अमितानं हार न घालता कपाटात ठेवला. तिला रडायचं असेल तेव्हा ती न्हाणीघरात जाऊन नळ सोडायची.

महिना झाल्यावर गौतमच्या दोस्तांनी विहारात आदरांजलीची सभा ठेवली. विशाल त्यांच्यात पुढं, गौतमचा जिवलग. चौकात फ्लेक्स लावायचा म्हणून तो पांढुर्ण्याला प्रकाशभाऊकडे गेला. त्या दिवशी अमिता दुकानाच्या कामानं नागपूरला गेली होती. प्रकाशभाऊनं तिला त्रास नको म्हणून स्वतः बसून फ्लेक्स केला. आणि आपल्या परीनं मोठ्या प्रेमानं केला. बापाच्या अक्षरात लेकाचं नाव, याहून मोठा मान कोणता, असं त्या भल्या माणसाला वाटलं. विशालच्याही डोळ्यांत पाणी आलं. चांगल्या मनाची माणसं कधी कधी असा घाव घालतात की दुश्मनाला जमणार नाही.

संध्याकाळी अमिता बसमधून उतरली तर चौकात माणसं गोळा झालेली. मध्ये कवडू. खांद्यावरचा दुपट्टा खाली पडलेला, आत्या बाजूला तोंडाला पदर लावून उभी. समोर एवढा मोठा फ्लेक्स, त्यात काळा चष्मा लावून हसणारा गौतम. खाली 'भावपूर्ण आदरांजली' आणि त्याच्या खाली 'गौतम कवडू सोमकुवर'. वेलांटी तीच, चढती शिरोरेघ तीच. कोपऱ्यात बारीक सही, 'कवडू'. तयार डिझाइनमध्ये होती, तशीच राहिली होती.

"अमू," कवडू म्हणाला, "हे म्या लिहिलं?"

"नाई बाबा. चला घरी."

"नाई कसं? माह्यं अक्षर मले वळखू नाई येत का?" त्यानं सहीवर बोट ठेवलं. "म्या आपल्या पोराचा बोर्ड लिहिला. सही बी केली, वरून सही केली म्या! काहून लिहिला, अमू? मले काहून कोनी रोकलं नाई?"

विशाल काहीतरी सांगायला पुढं आला आणि रडायलाच लागला. कवडू हळूहळू खाली बसला, रस्त्यातच. "म्या लिहिलं म्हणून गेला तो," म्हणाला.

फ्लेक्स त्याच क्षणी काढला. पण काय म्हणावं त्या भुलण्याला! जेवण भुलायचा, अंघोळ भुलायचा, पोरगा गेला तेही दहादा भुलला. आणि नेमकं हेच एक मेंदूत पक्कं रुतून बसलं. दुसऱ्या दिवशी उठला तो उजव्या हाताला दुपट्टा गुंडाळूनच. त्या हातानं जेवेना, पाणी पिईना. डाव्या हातानं खायला गेला तर अर्धं अंगावर सांडे. आत्या घास भरवायला गेली तर म्हणाला, "हा हात पोराले खाऊन बसला शकू, आता त्याले भाकर कायले देतं?" पाट्या पाहायला जाणं बंद झालं. दारात बसायचा तेही रस्त्याकडे पाठ करून. आठवड्याभरात माणूस निम्मा झाला.

अमितानं ठरवलं की आता सांगायचं. हा बोर्ड तुम्ही लिहिला नाही, मशीननं लिहिला, हे दाखवल्याशिवाय हा माणूस त्या पापातून सुटत नाही. पण ते सांगायचं म्हणजे बाकीचंही सांगायचं. मेडिकलचा, सलूनचा, कमानीचा, एकही बोर्ड तुमचा नाही. मागचं दीड वर्ष ज्याच्यावर तो जगला ते सगळं एका तडाख्यात काढून घ्यायचं.

आत्या तर भडकलीच. "तेवढंच राह्यलं हाये त्याच्यापाशी. थे बी हिसकून घेतं का तू?"

"मंग काय करू आत्या? असाच मरू देऊ? पोराले आपन मारलं असं समजून?"

सकाळी आत्यानं पांढुर्ण्याला जायला भावाचा धुतलेला सदरा काढून ठेवला, एवढंच.

बसमध्ये कवडू गुमान बसला, दुपट्ट्यातला हात मांडीखाली दाबून. खिडकीबाहेर त्यानं पाहिलं नाही. दुकानात प्रकाशभाऊ त्याच्या पाया पडायला गेला, पण कवडूनं त्याला ओळखलंच नाही. अमितानं खुर्ची ओढून त्याला कॉम्प्युटरसमोर बसवलं.

"पाहा बाबा," म्हणाली आणि बटणं दाबली. पडद्यावर 'सौंसर' उमटलं. तेच वळण, तीच लांब शेपटी.

कवडू पुढं झुकला. "ब्रश कुठी हाये?"

"ब्रश नाई लागत."

"अन् रंग?"

"थो बी नाई."

"पुसून दाखव."

तिनं पुसलं. पुन्हा लिहिलं. त्यानं आपलं नाव लिहायला लावलं, मग त्याला आठवेल त्या दुकानाचं. दरवेळी अक्षर क्षणात हजर. त्याच्या डोळ्यांपुढं त्याचा हात त्याच्याशिवाय लिहीत होता. अमिताला ते बटण दाबवेना, तरी ती दाबत राहिली.

"तुमचे अक्षरं म्या याच्यात टाकले होते, बाबा. ओट्यावर बसून लिहिले होते ना तुमी? आता हे मशीन लिहिते. कोनी बी लिहू शकते."

"मेडिकलवाल्याचा बोर्ड?"

"मशीनचा."

"सलूनचा? त्यानं तं मले चहा पाजला."

"चहा खरा होता बाबा. बोर्ड मशीनचा."

"जयंतीची कमान?"

अमितानं नुसती मान हलवली.

"म्हंजे म्या काईच नाई लिहिलं?"

"पहिले लिहिलं ना, बाबा. लय लिहिलं. सारं सौंसर लिहिलं तुमी. पन आता हात चालत नाई ना तुमचा. लय दिवसांपासून नाई चालत."

कवडू पडद्यावरच्या अक्षरांकडे पाहत बसला. आपण काय काय गमावलं ते एक एक करून मोजत असावा. प्रकाशभाऊनं तोंड फिरवलं आणि मशीनवरची धूळ पुसायला लागला.

"अन् गौतमचा?" कवडूनं विचारलं.

"थो बी मशीनचाच, बाबा. तुमी हात नाई लावला त्याले. तुमी काईच नाई केलं."

कवडूनं दुपट्ट्याची गाठ सोडली. उजवा हात बाहेर काढला, उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला. मूठ मिटली, उघडली. चेहऱ्यावरचं सगळं ओझं उतरलं होतं. किती दिवसांनी तो हसला, आणि अमिताला वाटलं, सुटलो बाई, सोसलं ते कामी आलं.

"मंग खोटाच निघाला ना तो बोर्ड!" कवडू म्हणाला. "मीबी कसा येडा. लाव, फोन लाव गौतमले. म्हनाव बाबा पांढुरण्यात हाये, गाडी घेऊन ये. बसमंदी बसू नाई होत आता."



"ड्यूटीवर हाये, बाबा," हे शब्द अमिताच्या ओठांवर आले होते. सवयीचेच शब्द. ते म्हटले की झालं असतं, बाप हसत हसत बसमध्ये बसला असता. पण खरं सांगायचं म्हणून आत्ताच त्याच्याकडून सगळं काढून घेतलं होतं. आता त्याच तोंडानं पुन्हा खोटं बोलायला तिची जीभ उचलेना. ती खाली बसली, त्याच्या गुडघ्यांपाशी.

"बोर्ड मशीननं लिहिला, बाबा. पन गौतम गेला. खरंच गेला. बोरगावच्या वळणावर ट्रकनं उडवलं त्याले."

"बोर्ड खोटा निघाला ना पन?"

"बोर्ड तुमचा नाई. गौतम गेला थे खरं हाये."

तो तिच्या तोंडाकडे पाहत राहिला. मग त्याचा चेहरा फाटला. ओरडला नाही, हात आपटले नाहीत. खुर्चीत वाकून, तिच्या डोक्यावर डोकं टेकवून रडायला लागला. आणि अमिताही रडली, मोठ्यानं, नळ न सोडता, परक्याच्या दुकानात. गौतम गेल्यापासून बाप-लेक एकमेकांना धरून रडले नव्हते. प्रकाशभाऊनं शटर अर्धं ओढून घेतलं.

"मले काहून नाई सांगतलं तू?" शेवटी कवडूनं विचारलं.

"सांगतलं होतं, बाबा. लय वेळा सांगतलं. तुमी भुलून जाता, दरवेळी नव्यानं रडता. मले पाहवत नाई."

"मंग रडू दे ना. माहा पोरगा होता तो." त्यानं उजव्या हातानं तिचं तोंड पुसलं. "मी भुललो का तू सांगत जाय, माय. पोरगा मेला अन् बाप चहा गरम ठेवून राह्यला, असं नको करू माह्यं."

"सांगीन, बाबा."

दुसऱ्या दिवशी सकाळी अमिता कामावर निघायच्या घाईत होती. डबा भरून झाला होता, पायात चप्पल घातली होती. कवडू उठून ओट्यावर आला, रस्त्याकडे पाहून म्हणाला, "गौतम नाई आला का अजून?"

चुलीपाशी बसलेली आत्या लगबगीनं म्हणाली, "येते ना दादा, ड्यूटीवर…"

"आत्या," अमितानं तिला थांबवलं. डबा खाली ठेवला, चप्पल काढली. बापाच्या शेजारी बसून त्याचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला, आणि त्याला सांगितलं.